मुकी हाक

गुरुवारी सकाळी पावणेनऊला मी माझ्या खणातून कागदांचा गठ्ठा काढला, तोवर तिघांनी माझं अभिनंदन करून झालं होतं. कशाबद्दल, ते मला कळेना.

हे खण म्हणजे काय, ते आता सांगावं लागतं. हल्ली सगळं पडद्यावर येतं. तेव्हा, म्हणजे तीसेक वर्षांपूर्वी, मोबाइलचे नियम ठरवायला जगभरच्या कंपन्यांची माणसं दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्यातरी हॉटेलात आठवडाभर जमायची. सभागृहाबाहेर भिंतीला लागून एक लाकडी कपाट उभं करत. त्याला दीडशे खण, प्रत्येक खणाखाली एकेका प्रतिनिधीच्या नावाची चिठ्ठी. झेरॉक्सचं काम बघणाऱ्या दोन बायका रोज सकाळी ताजे कागद त्यांत सारून जायच्या. हाताला ऊबदार लागायचे ते कागद. मला तो स्पर्श फार आवडायचा. त्या दिवसापर्यंत आवडायचा, असं म्हणते.

फोनमध्ये नवी सोय आणायची तर आधी तिचा कागद लिहायचा. त्यावर निदान चार कंपन्यांनी पाठिंब्याच्या सह्या केल्या पाहिजेत. मग ज्याचा कागद त्याने ती सोय मुलीच्या लग्नासारखी अंगावर घ्यायची. चहाच्या सुट्टीत एकेकाला कोपऱ्यात गाठायचं, रुसलेल्यांची समजूत काढायची, कोणाला काय खुपतंय ते हेरून दोन ओळी गाळायच्या, दोन घालायच्या. हात वर करून मतदान असा प्रकार नव्हता. अध्यक्ष विचारायचे, "कोणाचा आक्षेप?" आणि तीन सेकंद थांबायचे. कोणी बोललं नाही की कागद मंजूर. एकानं जरी पाय रोवून नाही म्हटलं, तरी कागद अडला. गप्प बसणं म्हणजे होकार, हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की घरीसुद्धा मी आईला विचारून तीन सेकंद थांबायची आणि भाजी ठरवून टाकायची.

माझ्या सोयीला मी मुकी हाक म्हणायची. टॉवरने फोनला हाक मारायची आणि फोनने "मी इथे आहे" असं उत्तर द्यायचं. मात्र फोन वाजायचा नाही, दिवा लागायचा नाही, ज्याच्या खिशात तो आहे त्याला पत्ता लागायचा नाही. बेशुद्ध पडलेला, वाट चुकलेला, कोणी पळवून नेलेला माणूस फोन उचलू शकत नाही. त्याच्यासाठी ही सोय.

ती मला सुचली आमच्या वडिलांमुळे. म्हातारपणी त्यांना आठवेनासं झालं होतं. एका दुपारी चपला न घालता घराबाहेर पडले आणि तिसऱ्या दिवशी जुन्या कारखान्यामागच्या खड्ड्यात सापडले. गेलेले होते. ते तीन दिवस सगळ्यांत जास्त कोण फिरलं असेल तर माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो एका मोबाइल कंपनीत टॉवरच्या देखरेखीवर होता. त्याने शहराचा नकाशा जमिनीवर पसरला, पेन्सिलीने चौकोन पाडले आणि एकेक चौकोन पिंजून काढला. न जेवता, न बसता. खड्डा त्यालाच सापडला. आई सगळ्यांना सांगायची, असा जावई दिवा घेऊन शोधूनही मिळायचा नाही.

पुढे माझ्या कागदाला तीन सह्या मिळाल्या आणि चौथी अडली, तेव्हा तोच मदतीला आला. मूळ कागदात मी एक परिच्छेद लिहिला होता. हाक कोणी मारायची ते त्यात होतं. पोलिस, रुग्णालय, अग्निशमन, एवढेच. प्रत्येक हाकेची नोंद राहील आणि फोनच्या मालकाला मागाहून कळवलं जाईल, असंही होतं.

"ताई, आमच्या वरच्यांना तेवढा परिच्छेद खटकतोय," तो म्हणाला. "कोणी विचारायचं हे ज्या त्या कंपनीवर सोडा की. काढा तो. उद्या सही आणून देतो."

"अहो, पण तोच तर महत्त्वाचा आहे."

"सोय व्हायला हवी की परिच्छेद? बाबांचा विचार करा."

मी काढला. आमच्याकडे ही रीतच होती. ज्या मुद्द्यावर भांडण होईल तो "या कागदाच्या कक्षेबाहेर" असं लिहून मोकळं व्हायचं. मी शेकडो वेळा तसं केलं होतं आणि त्याला कौशल्य समजत होते. दुसऱ्या दिवशी सही आली.

सभेत एकट्यानेच हरकत घेतली होती. त्याला आम्ही खोडरबर म्हणायचो. साठीला आलेला, एका लहानशा कंपनीचा प्रतिनिधी, ज्याच्या त्याच्या कागदातली वाक्यं खोडायला बसलेला. तो म्हणाला, "बाई, हाक मारणारा कोण, हे कुठे लिहिलंय?" मी म्हटलं, "कक्षेबाहेर. आणि तुमचं रबर जरा जपून वापरा, झिजून गेलं तर पुढच्या सभेत काय खोडाल?" सभागृह हसलं. चहाच्या सुट्टीत मी त्याच्या बॅटरीच्या कागदाला पाठिंबा दिला आणि त्याने माझ्यावरची हरकत मागे घेतली. देणंघेणं असंच चालायचं.

त्यानंतर सहा महिन्यांनी धाकटी एक पिशवी घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मान एका बाजूला वळत नव्हती. पाच वर्षं चाललं होतं आणि तिने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. सांगून बघितलं असतं तरी आई म्हणाली असती, अगं, तो? ज्याने बाबांना शोधलं तो? मलासुद्धा, खरं सांगते, तिच्या मानेवरच्या खुणा बघून मग पटलं.

"तो म्हणालाय, कुठेही जा, तीन दिवसांच्या आत शोधून काढीन," ती म्हणाली. "आणि ताई, तो काढतो शोधून. तू पाहिलंयस."

मी तिला तीनशे किलोमीटर लांबच्या एका गावात ठेवलं. माझ्याबरोबर शिकलेल्या बाई तिथे शिवणक्लास चालवायच्या. खाली क्लास, वर एक खोली. हे फक्त आम्हा तिघींना ठाऊक. आईलाही सांगितलं नव्हतं, कारण जावई भेटायला यायचा आणि आई त्याच्यापुढे काही लपवू शकत नव्हती. तो माझ्याकडेही यायचा. सोफ्यावर बसून डोळे पुसायचा. "ताई, ती सुखरूप आहे एवढं तरी सांगा." मी मान हलवायची आणि त्याच्या हातातला चहाचा कप कधी खाली ठेवतो याची वाट बघायची.

धाकटीला मी एक मोबाइल घेऊन दिला. माझ्याच नावावर, आणि त्याच्याच कंपनीचा, कारण त्या गावात दुसऱ्या कोणाचा टॉवर नव्हता. मनाला चाटून गेलं होतं, नाही असं नाही. पण एवढ्या लाखो फोनांत हा एक कोणाला दिसणार, असं मी स्वतःला समजावलं. मुक्या हाकेचा विचार तेव्हा मनाला शिवलासुद्धा नाही. माझ्या लेखी ती अजून कागदावर होती.

आता त्या गुरुवारकडे येते. मुक्या हाकेचा अंतिम कागद त्या दिवशी मंजुरीला यायचा होता. गठ्ठ्यात वरच एक नवा कागद होता, चौथी सही देणाऱ्या, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याच्या कंपनीचा. "मुकी हाक: प्रत्यक्ष चाचणीचा अहवाल." म्हणजे नियम व्हायच्या आधीच त्यांनी आपल्या टॉवरांवर ती चालवून बघितली होती. कागद पास करून घ्यायचा तर याच्याइतका जोरदार पाठिंबा दुसरा नाही. अभिनंदन त्याचं होतं.

मी उभ्या उभ्या वाचायला लागले. दहा फोन. दर पंधरा मिनिटांनी हाक. उत्तर मिळण्याचं प्रमाण शंभरात अठ्ठ्याण्णव. एका फोनधारकालाही सुगावा नाही. खाली तक्ता होता. फोनच्या नंबराचे शेवटचे चार आकडे, टॉवरचं नाव, हालचाल. नऊ फोन इकडेतिकडे फिरत होते. दहाव्यापुढे लिहिलं होतं, स्थिर.

दहाव्याचे चार आकडे मी दोनदा वाचले. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले. तो नंबर मी रोज संध्याकाळी फिरवायची. टॉवरही त्याच गावचा.

शेवटच्या रकान्यात होतं, "जागेवर जाऊन पडताळणी: गुरुवार, दुपारी बारा ते दोन." खाली अहवाल तयार करणाऱ्याची आद्याक्षरं. ती मी ओळखली.

हातातला गठ्ठा खाली पडला. शेजारचा प्रतिनिधी वाकून कागद गोळा करत म्हणाला, "एवढा आनंद बरा नाही हो मॅडम." मी हसले असेन. दीडशे खण. दीडशे प्रती. त्या सभागृहात प्रत्येकाच्या पुढ्यात माझी बहीण कुठल्या टॉवरखाली बसली आहे ते छापून ठेवलेलं, आणि सगळे मला शाबासकी देत होते.

माझा विषय चहानंतर, अकरा वाजता होता. मी लॉबीत धावले. तिथे फोनच्या दोनच खोल्या आणि दोन्हींपुढे रांग. जवळचा मोबाइल वापरायचं धाडस होईना. तोही माझ्या नावावर. रांगेत पुढे उभा असलेला माणूस घरी बायकोला सांगत होता की पडदे निळेच घे. हिरवे नकोत. निळे. हो, निळेच. मला त्याची मान धरून बाहेर ओढावंसं वाटलं.

नंबर लागला त्या वेळी नऊ पस्तीस झाले होते. धाकटीचा फोन वाजत राहिला. ती तो वर खोलीत टेबलाच्या खणात ठेवायची आणि खाली बारा मशिनांच्या खडखडाटात बसायची. क्लासचा नंबर माझ्या वहीत, वही नवव्या मजल्यावर. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबली. वही घेऊन परत आले तर पुन्हा रांग. "माझ्या घरी माणूस गेलंय," मी मोठ्याने म्हटलं. मुकाट बाजूला झाले सगळे. खोटं बोलतानाही माझ्या अंगावर काटा आला.

"शिवणक्लास," पलीकडून बाई ओरडल्या. मागे मशिनं धडधडत होती.

"मी बोलतेय. तिला बोलाव. ताबडतोब."

"अगं, ती बाही जोडतेय. तुझं सांग, एवढ्या सकाळी कशी आठवण झाली?"

"बाही जाऊ दे चुलीत! बोलाव तिला."

मशिनं एकेक करून थांबल्याचं ऐकू आलं. मग धाकटीचा आवाज. "ताई? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. ऐक. त्याला कळलंय. टॉवर कळलाय, म्हणजे तीन-चार गल्ल्यांचा टापू. दुपारी बाराला तो तिथे येतोय."

ती काही बोलली नाही. तीन सेकंद. माझा जीव अर्धा झाला.

"कसं कळलं?" तिने विचारलं.

"फोनमुळे."

"तू दिलेल्या फोनमुळे?"

"हो."

"त्यात ते तुझं, बाबांसाठी म्हणून केलेलं..."

"हो गं. तेच. मला हवं ते बोल, पण नंतर बोल. आधी नीघ तिथून."

"बंद करते फोन आणि निघते."

"नको!" मी ओरडले. मग आवाज खाली आणला. "बंद केलास तर पुढच्या पंधरा मिनिटांत त्याला समजेल, तू सावध झालीस म्हणून. तो वाटेतूनच एसटीच्या स्टँडवर जाऊन उभा राहील. चालूच ठेव. खणात ठेव. त्याला उत्तर देत बसू दे. तू जा."

"कुठे जाऊ?"

माझ्या ओठांवर एक पत्ता आला होता. दूरच्या एका मावशीचा.

"थांब," तीच म्हणाली. तिचा आवाज एकदम शांत झाला होता, आणि त्या शांतपणाची मला जास्त भीती वाटली. "नको सांगूस. तुला ठाऊक असलेल्या जागा त्याला सापडतात."

"अगं, पण मला कळायला नको?"

"नको," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी त्या काचेच्या खोलीत रिसीव्हर धरून उभी राहिले. बाहेरून कोणीतरी काचेवर टकटक केली. तेवढ्यात झेरॉक्सवाली बाई लॉबीतून पळत आली. "मॅडम, तुम्ही इथे? तुमचा कागद चाललाय आत! अध्यक्षांनी सोपे विषय आधी घेतलेत."

सोपे. माझा कागद सोप्यांत गेला होता, कारण कोणाचीच हरकत नव्हती.

सभागृहाचं दार ढकललं तेव्हा माझ्या जागेवर, आमच्या कंपनीच्या पाटीमागे आमचे साहेब बसले होते आणि माझ्याऐवजी बोलणं संपवत होते. "...आणि चाचणीचे निकाल आपल्यासमोर आहेतच. ह्याहून अधिक काय सांगणार?" पडद्यावर माझाच कागद होता. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "छान. कोणाचा आक्षेप?"

मला आठवतं ते एवढंच की गालिचा खूप लांबलचक होता. दारापासून माइकपर्यंत तीस पावलं असतील. मी पहिल्या सेकंदाला तीन पावलं टाकली असतील-नसतील. दुसरा सेकंद गेला. हे आत्ता मंजूर झालं की उद्या ही चाचणी राहणार नाही, नियम होईल. मग धाकटी जिथे जाईल तिथे, कुठल्याही कंपनीचा फोन तिच्या हातात पडला की त्याच्यासारख्या कोणालाही तो विचारता येईल, आणि फोन इमानदारीने उत्तर देईल.

"आक्षेप!" मी दारातूनच ओरडले.

दीडशे माना वळल्या. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला. "मॅडम, आपला? आपल्याच कागदावर?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग बरेच जण हसले. साहेबांनी माइकवर तळहात दाबला आणि मी जवळ पोचताच दातांतल्या दातांत म्हणाले, "तब्येत बरी नाही का? दोन वर्षं झिजलोय आपण ह्याच्यामागे."

"साहेब, हा थांबवा."

"का?"

काय सांगणार होते? साहेब धाकटीच्या नवऱ्याला ओळखत होते. त्याच्या कंपनीच्या लोकांशी रोज जेवायला बसत होते. कारण सांगितलं की कारण त्याच्यापर्यंत पोचणार.

"कारण नोंदवावं लागेल, मॅडम," अध्यक्ष म्हणाले.

मी साहेबांच्या हाताखालून माइक ओढला. माझा आवाज माझा वाटत नव्हता. "हाक मारणारा कोण, हे कागदात नाही. ज्याच्या हातात टॉवर आहे असा कंपनीतला कुठलाही माणूस कोणालाही शोधू शकतो. शोधला जाणाऱ्याला कळतसुद्धा नाही. तो परिच्छेद होता. मीच काढला."

"हे कक्षेबाहेर आहे," मागून एक जण म्हणाला. माझंच वाक्य.

साहेबांनी माइक परत घेतला. "अध्यक्ष महाराज, मॅडम प्रवासाने थकल्यात. आमच्या कंपनीची भूमिका पाठिंब्याची आहे. हा आक्षेप कंपनीचा नाही. नोंद करू नये."

आणि नियमाने त्यांचं बरोबर होतं. तिथे कोणी स्वतःचं म्हणून बोलत नसे. पाटीवर कंपनीचं नाव असे, आणि त्या कंपनीत ते माझ्या वर होते. अध्यक्षांनी मान हलवली. "ठीक. आक्षेप नाही. तर मग..."

मी सभागृहावरून नजर फिरवली. एवढे ओळखीचे चेहरे. दहा दहा वर्षं एकत्र चहा प्यायलेले. सगळे कागदांत बघत होते.

"बाईंनी मला दोन वर्षांपूर्वी काय म्हटलं होतं, आठवतंय का कोणाला?" खोडरबर उठला होता. माइक न लावताच बोलत होता. "मी हाच प्रश्न विचारला होता. त्या म्हणाल्या, रबर जपून वापरा."

हशा झाला. मला वाटलं, संपलं. हा आता वचपा काढणार.

"जपलंय मी," तो म्हणाला. "बाईंचा आक्षेप त्यांच्या कंपनीला नको असेल तर मला द्या. आमच्या कंपनीच्या नावे लिहा. शब्द न शब्द तेच कारण. आणि अध्यक्ष, मी मागे घेणार नाही, तेव्हा चहाच्या सुट्टीत मला बिस्किटं चारायला कोणी येऊ नये."

अध्यक्षांनी उसासा टाकला. "कागद स्थगित. पुढच्या सभेत, दुरुस्तीसह."

साहेबांनी आपले कागद उचलले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "परत गेल्यावर माझ्या खोलीत या." पुढे त्यांनी मला हस्तपुस्तिका छापणाऱ्या विभागात पाठवलं आणि निवृत्त होईपर्यंत मी तिथेच होते. पण त्या क्षणी ते कानांवरून गेलं. मी चौथ्या कंपनीच्या प्रतिनिधीकडे निघाले होते. टायला मोत्यांची पिन लावणारा, भला गृहस्थ होता तो. मी तक्त्यातल्या दहाव्या ओळीवर बोट ठेवलं.

"हा फोन चाचणीचा नाही. माझा आहे. माझ्या नावावर. मला कोणी विचारलं नव्हतं."

"कसं शक्य आहे? सगळे फोन आमच्या लोकांचे आहेत. यादी आमच्या माणसाने..." त्याने आद्याक्षरं बघितली, मग माझ्याकडे. मी आणखी काही सांगितलं नाही. माझा चेहरा काय सांगत होता कोणास ठाऊक. त्याचा हात टायच्या पिनेकडे गेला. "मी ऑफिसात फोन करतो. आत्ता करतो."

त्याने केला. साडेदहाला चाचणी बंद पडली. पण यंत्रणा बंद झाली म्हणून माणूस थांबत नाही. पडताळणीची गाडी सकाळी आठलाच निघालेली होती, आणि जवळून स्वतःच हाक मारू शकणारं यंत्र तिच्यात होतं.

बारा वाजता मी सभागृहात बसले होते. कोणीतरी टॉवरच्या अँटेनांच्या उंचीवर बोलत होतं. एक वाजता सगळे जेवायला गेले. मी फोनच्या खोलीबाहेर खुर्ची ओढून बसले आणि उठू शकले नाही. फोन केला आणि त्यानेच उचलला तर? अडीचला केला.

"आला होता," क्लासच्या बाई म्हणाल्या. मशिनं बंद होती. त्या कुजबुजत होत्या. "कंपनीचं ओळखपत्र गळ्यात, हातात ते अँटेनाचं यंत्र. म्हणे, तुमच्याकडे आमचा एक फोन चाचणीसाठी आहे. ते यंत्र बघत बघत सरळ जिना चढला. त्याला दाखवावंसुद्धा लागलं नाही गं कुठली खोली ते."

"ती?"

"ती दहालाच गेली. मागच्या दाराने. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही."

"मग त्याने काय केलं?"

"खण उघडला. फोन घेतला. तिच्या खाटेवर बसला, तासभर. मी दारात कात्री घेऊन उभी होते, हसू नकोस, कापड कापायची मोठी. जाताना जिन्यात थांबून हात जोडले. फार सभ्य आहे गं माणूस. म्हणाला, मोठ्या ताईंना नमस्कार सांगा. म्हणावं, त्यांची सोय झकास चालते."

त्यानंतरचे चार दिवस कसे गेले ते मला सांगता यायचं नाही. घरी आले. दाराला आतून कडी घालून वर खुर्ची लावली. आई विचारायची, काय झालंय तुला, आणि मी म्हणायची, काही नाही, प्रवासाचा शीण. जिन्यात पाऊल वाजलं की मी पंखासुद्धा बंद करायची, नीट ऐकू यावं म्हणून. तो काही आला नाही. तो न येणं हे येण्याहून वाईट होतं, कारण मग तो दुसरीकडे कुठेतरी होता.

तो कागद पुढे तिसऱ्या सभेत मंजूर झाला म्हणतात. परिच्छेदासह, आणि हाक मारल्याचं मालकाला कळवायच्या अटीसह. खोडरबरने त्यातली प्रत्येक ओळ तीन-तीनदा खोडून लिहून घेतली. त्याच्यावर माझं नाव नाही. असायला नकोच होतं.

पाचव्या दिवशी, मंगळवारी, संध्याकाळी सहाच्या सुमारास घरचा फोन वाजला. आईच्या आधी मी धावले.

"ताई."

"जेवलीस का?" एवढंच तोंडातून आलं.

"जेवले. बरी आहे. काम मिळालंय. महिन्यातून एकदा करीन, दर वेळी वेगळ्या ठिकाणाहून. कुठे आहे ते विचारायचं नाही."

"नाही विचारणार."

"तो आला तर त्याला खरंच सांगता यायला हवं, की तुला माहीत नाही. तुला खोटं बोलता येत नाही, ताई. कपाळावर घाम येतो."

"येतो," मी म्हणाले. येतच होता.

तिच्यामागे माणसांची ये-जा ऐकू येत होती. चाकांच्या बॅगांचा खडखडाट, लहान मुलाचं रडणं. स्टेशनवरचा सार्वजनिक फोन असणार. कान आपोआप टवकारले गेले. सवय वाईट. मग तिकडच्या लाउडस्पीकरची टिंगटाँग वाजली आणि एक बाई घोषणा करायला लागली, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं, आपण आत्ता...

"तुझी ती निळी साडी माझ्याकडेच राहिली!" मी एकदम ओरडले. "आणि आईच्या गुडघ्याचं दुखणं वाढलंय, डॉक्टरांनी शेक सांगितलाय, रोज सकाळी, गरम पाण्याच्या पिशवीने, ती काही ऐकत नाही, मी म्हणते आई ऐक जरा, तर ती म्हणते..."

मी बोलतच राहिले, मोठमोठ्याने, काय वाटेल ते, रिसीव्हर कानापासून दूर धरून. आई दारात येऊन बघत उभी राहिली. पलीकडची ती बाई गावाचं नाव सांगून थांबली असेल असं वाटलं, तेव्हा मी श्वास घेतला.